बागेचा पडदा

इरा आणि निनाद,

गेल्या महिन्यात इरानं फोनवर मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. कपड्यांच्या फोटोग्राफीत पाठीमागे कोणतं कापड लावलं की रंग कसे उठून येतात, यावर तिला कॉलेजात काही सादर करायचं आहे. तिनं तुमच्या आईचा तो जुना फोटो मला दाखवला. अंगात मरून इरकलीचा कुडता, खांद्यावर वेणी आणि मागे धुरकट करडा पडदा. "आजी, हे मागचं कापड कसलं आहे? आमचे सर म्हणतात असा करडा विकत मिळत नाही. कुणी काढलाय हा फोटो?" मी म्हटलं, आठवत नाही गं, लातुरातला कुणीतरी स्टुडिओवाला होता... त्या स्टुडिओवाल्याला जाऊन त्या दिवशी बरोबर नऊ दिवस झाले होते आणि त्याच्या जाण्याची बातमी मला पहिल्याच सकाळी कळली होती.

तुम्ही मला ओळखता. माझ्या कपाटात तुमच्या आईची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं सालवार लावलेली आहेत. "आठवत नाही" हे माझ्या तोंडून आल्यावर इराला नवल वाटलं असणार, पण ती चांगली मुलगी आहे, पुढे काही बोलली नाही. माझं वय आता असं आहे की आणखी एकदा खोटं बोलले तर ते दुरुस्त करायला वेळ उरेलच असं नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या आईलाही यातलं बरंचसं आज पहिल्यांदाच कळेल.

त्यांचं नाव मुश्ताकभाई. मूळचे औशाचे. लातुरात गोलाईपासून दोन गल्ल्या आत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. जिना चढताना गिरणीची धडधड पायांना जाणवायची, म्हणून फोटो काढायच्या वेळी ते खिडकीतून खाली ओरडून गिरणी थांबवायला सांगत आणि गिरणीवाला तक्रार न करता थांबवत असे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती कॉलेजच्या ओळखपत्राच्या फोटोसाठी. मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. नंतर आमच्या घरातलं प्रत्येक कार्य त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेलं. त्यांच्या वडिलांनी रंगवलेले मोठे पडदे स्टुडिओत बांबूला गुंडाळून ठेवलेले असत. एकावर राजवाड्याचे खांब, एकावर बोटीसह तळं, आणि एकावर बाग. कारंजं, दोन मोर, गुलाबाचे ताटवे आणि लांब जाणारी वाट, असा तो बागेचा पडदा. खेड्यातून नवी जोडपी यायची ती बागेसाठी. मला ते सगळं फार भडक वाटायचं आणि मी ते त्यांना सांगितलंही होतं. ते हसून म्हणाले होते, "मॅडम, आपल्याकडं बाग हाय कुठं? पडद्यावर तरी असू द्या."

मात्र त्यांची स्वतःची आवड वेगळी होती. ती मला कळली तुमच्या आईमुळे. मेधा नांदेडला शिकून परत आली होती आणि तिच्या डोक्यात इरकलीनं घर केलं होतं. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायका नेसतात त्या जाडसर काठाच्या लुगड्यांचे तिनं कुडते, जाकिटं, ओढण्या शिवायला घेतल्या. नांदेडच्या एका मोठ्या कापड दुकानाला ते दाखवायचे होते आणि त्यांनी आधी फोटो मागितले होते. भूकंपाच्या आधीचा तो उन्हाळा. लातुरात तेव्हा कपड्यांचे असे फोटो कुणी काढत नव्हतं. मेधानं दोन मैत्रिणींना गळ घातली, आणि फोटो कसे यायला हवेत हे मी ठरवलं. माझ्याकडे काही इंग्रजी मासिकं येत, त्यांत मागे सगळं पांढरंशुभ्र असे. मी छापखान्यातून पांढऱ्या कागदाचं भेंडोळं आणवलं आणि स्टुडिओत नेऊन दिलं.

मुश्ताकभाईंनी कागद बोटांनी चाचपला. "न्हाई मॅडम, पांढरा न्हाई चालणार. पांढऱ्यापुढं माणूस काळं पडतंय."

"मग तिकडचे लोक कसे काढतात?" मी मासिक उघडून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी नीट पाहिलं, पान उलटून मागचंही पाहिलं. "तिकडं उजेड जास्ती दिव्यांचा असंल. माझ्याकडं दोन दिवे हायेत, त्यातला एक आजारी हाय. पण तुम्ही म्हणताय तर काढू."

त्यांनी काढले. तीन दिवसांनी प्रिंट आल्या तेव्हा त्यांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. कागद लख्ख दिसत होता. मुलींचे चेहरे करपलेल्या भाकरीसारखे आले होते आणि इरकलीचा काठ, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो नुसता काळा पट्टा झाला होता. मेधा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "तुमच्या कॅमेऱ्यातच काहीतरी असेल." आता लिहितानाही ते वाक्य जड जातं... ते फक्त म्हणाले, "असंल. आता माझा एक रोल काढून बघू का, मॅडम?"

मग दोन दिवस मी त्यांचं काम पाहिलं. ते कपडा हातात घेऊन दाराच्या उजेडात उभे राहत, डोळे अर्धे मिटत आणि एकेक कापड त्याच्यामागे धरून बघत. मखमल धरली आणि लगेच खाली ठेवली, "उजेड गिळतंय, अन् धूळ तेवढी दाखवतंय." साटीन धरलं, "हे सोताच नटून बसलंय." ताडपत्री, गोणपाट, मलमल सगळं झालं. शेवटी त्यांनी मांजरपाटाचा एक तागा काढला, साधा कोरा, जाड. आधी सोडा घालून उकळला, खळ जाईपर्यंत. मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी एका डब्यात गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे असं काही भिजत होतं, ते पाणी गाळून त्यात बुडवला. पिवळट कापड आमच्या डोळ्यांदेखत करडं होत गेलं. मग त्यांनी आणि मेधानं दोन टोकं धरून दोरासारखं पिळलं आणि तसंच पिळलेलं वाळत टाकलं. उलगडलं तेव्हा त्यावर कुठे गडद, कुठे फिकट अशा सावल्या पडल्या होत्या, पण एकही अशी नव्हती की तिच्याकडे नजर जावी.

"पडदा कसा पायजे, घरातल्या मोठ्या माणसावाणी," पडदा टांगताना ते मेधाला सांगत होते. "हाय म्हणून कळलं पायजे, पण मधीमधी बोलला न्हाई पायजे." आणि माझ्याकडे बघून ते असे मिश्कील हसले की मेधाला हसू आवरेना. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

त्या दिवशी एक मैत्रीण आली नाही. म्हणून शेवटच्या कुडत्यात मेधा स्वतः उभी राहिली. इरा, तुझ्याकडे आहे तो फोटो हाच. मांजरपाट, हिरडा आणि गंजाचं पाणी. तुझ्या सरांना सांग. नांदेडच्या दुकानदारानं फोटो पाहून आधी विचारलं ते हेच, की हे मुंबईला काढले का. मेधाचा व्यवसाय त्या फोटोंवर उभा राहिला. त्या पडद्याबद्दल मी मुश्ताकभाईंना एका शब्दानंही चांगलं म्हटलं नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी भूकंप झाला. त्याबद्दल तुम्ही वाचलेलं आहे, मी वेगळं लिहीत नाही. लातुरात आमच्या घराला तडे गेले, आम्ही आठ दिवस अंगणात झोपलो, एवढंच आमचं. औशापलीकडची गावं मात्र उरली नव्हती. आमच्या कॉलेजच्या आणि गावातल्या काही बायकांनी मिळून एक मदत समिती केली. कुणाच्या नावापुढे कोण उरलं, कुणाला काय मिळालं, कुणाला मिळायचं आहे, या याद्या माझ्याकडे होत्या, कारण याद्या करायचं काम मला येतं. पत्र्याचे निवारे उभे राहिल्यावर लोकांना कागदपत्रांसाठी फोटो लागायला लागले. कुणाकडेच फोटो नव्हते, सगळं ढिगाऱ्याखाली गेलेलं. मी मुश्ताकभाईंना विचारलं. ते पैशाचं काही न बोलता दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि तो करडा पडदा घेऊन आमच्या गाडीत बसले.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. निवाऱ्यांच्या मागेच पडलेलं गाव दिसत होतं. मी म्हटलं, पडदा कशाला, कागदावर डकवायचा एवढासा फोटो, पटापट काढा, माझ्याकडे यादीत दीडशे नावं आहेत. ते दोन बांबू रोवत होते. "मॅडम, ह्यांच्याकडं आता हा एकच फोटो ऱ्हाणार. त्याच्या मागं दगडं नको." आणि बांबूला पडदा बांधून ते कामाला लागले. मी घड्याळ बघत राहिले.

दुपारी सुंदरबाई नावाच्या एक आजी पुढे आल्या. साठीच्या असतील. स्टुलावर बसल्या, पडद्याकडे मागे वळून पाहिलं आणि उठून उभ्या राहिल्या.

"ह्या राखंपुढं न्हाई बसायचं मला."

"आजी, कागदासाठी पायजे," मुश्ताकभाई म्हणाले.

"कागदाला काढ की. त्याला कोण न्हाई म्हनतंय? पर मला अजून एक पायजे. तू ईसरलास का रं? पोराचं लगीन झालं तवा सुनंला अन् त्याला घिऊन आल्ते तुझ्या दुकानात. मोर व्हते मागं."

"बागेचा पडदा."

"हां, बाग. त्यो फोटो गेला. त्ये दोघंबी गेले. तसल्या बागंपुढं मला बशीव एकदा. त्ये जिथं व्हते तिथं."

मुश्ताकभाई कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. रांगेतल्या दोन-तीन बायका पुढे सरकल्या. एकीनं सांगितलं की तिचाही फोटो त्याच बागेपुढचा होता, दुसरीच्या बहिणीचा होता. त्या भागातली सगळी लग्नं त्याच स्टुडिओत यायची, तेव्हा त्यात नवल नव्हतं. मुश्ताकभाई माझ्याकडे आले. "मॅडम, उद्या बागेचा पडदा आणू का? तुम्ही म्हणाल तर."

मी यादीवरून डोकं वर काढलं. मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "आणा. पण आधी ओळखपत्रांचे संपवा." मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट कागदावर करून घेतली, परवानगी असो की पावती. ही एक परवानगी मी तोंडी दिली. दुसऱ्या दिवशी बाग आली. मीच बायकांना उन्हातून सावलीत घेतलं, नंबर दिले. एकोणीस जणी बसल्या. सुंदरबाई पहिल्या. त्यांनी बसायच्या आधी पडद्यावरच्या वाटेवरून हात फिरवला आणि मुश्ताकभाईंना म्हणाल्या, "जरा डावीकडं सरकून बसते. त्ये उजवीकडं उभे व्हते." तिथं कुणी रडलं नाही. एकमेकींचे पदर नीट केले, एकीनं दुसरीच्या कपाळावर हात नेला आणि तसाच मागे घेतला... दोन महिन्यांत त्या गावात मी पहिल्यांदा बायकांना आपण कशा दिसतो असं विचारताना ऐकलं.

त्याच वेळी बाहेरगावचे कुणी पाहुणे निवाऱ्यांची पाहणी करत फिरत होते. त्यांच्यातल्या एकानं त्या दृश्याचा फोटो घेतला. मागे पडलेलं गाव, पुढे मोर आणि कारंजं, आणि त्यापुढे स्टुलावर पांढऱ्या कपाळाची बाई. आठवड्यानं तो पेपरात छापून आला. खाली लिहिलं होतं की लातूरचा एक फोटोग्राफर भूकंपग्रस्त विधवांना बागेत बसवून धंदा करतो आहे. नाव नव्हतं, पण पडदा अख्ख्या जिल्ह्याला माहीत होता.

समितीची बैठक रविवारी होती. मुश्ताकभाईंना बोलावलं होतं. त्यांना खुर्ची दिली नव्हती, ते दारापाशी उभे होते. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे कुणाच्या परवानगीनं केलंत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच नजर काढून घेतली, जणू मला अडचण होऊ नये म्हणून. अध्यक्षबाईंनी मग मला विचारलं, "तुम्ही तिथं होतात ना? तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणाले, "मी याद्यांच्या कामात होते. मला कल्पना नव्हती."

मुश्ताकभाई म्हणाले, "चूक माझी झाली." एवढंच, आणि जिना उतरून गेले.

मी का तसं म्हणाले याची कारणं मी तीस वर्षं गोळा केली आहेत. त्याच महिन्यात मला कॉलेजात उपप्राचार्य करायचं चाललं होतं. पेपरात नाव आलं असतं तर ते थांबलं असतं. तुमच्या आजोबांची तब्येत ठीक नव्हती. ही सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. आणखी एक आहे, ते मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. त्या खोलीत बसलेल्या आम्ही सगळ्या एका प्रकारच्या घरांतल्या होतो आणि दारात उभा होता तो मुसलमान होता. "त्या लोकांना काय पडलंय," असं माझ्या शेजारची हळूच म्हणाली. ते दंगलींचं वर्ष कसं होतं ते तुम्ही वाचलं असेलच. मी तिला गप्प केलं नाही. मला त्या वाक्याचा आधार वाटला. त्यांच्यावर विश्वास ठेवला जाणार नाही आणि माझ्यावर ठेवला जाईल, हे मला तोंड उघडण्याआधीच माहीत होतं, आणि मी त्याचा उपयोग केला.

स्टुडिओची लग्नं गेली. साक्षगंधं, बारशी, सगळंच गेलं. मेधानं पुढच्या हंगामाला विचारलं, "आई, मुश्ताकभाईंकडे कधी जायचं?" मी सांगितलं की ते आता फार कामात असतात. ती सोलापूरच्या एका फोटोग्राफरकडे जायला लागली. त्यानं तिचे कुडते लाल मखमलीपुढे काढले.

मग लातूर बदललं. आधी दोन-चार शिकवण्या होत्या, बघता बघता गल्लोगल्ली क्लास आले. नायगावपासून औशापर्यंतची मुलं ट्रंका घेऊन यायला लागली, ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते त्याच घरांनी ते लिंपून वर मुलांसाठी खोल्या बांधल्या. चौकाचौकात गुणवंतांचे चेहरे लागले. निवृत्तीनंतर मीही एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या संचालकांना निकालाच्या फलकासाठी फोटोग्राफर हवा होता आणि कुठून तरी कळल्यावर मुश्ताकभाई स्वतःहून आले. मी तिथेच टेबलावर पेपर तपासत बसले होते. त्यांनी मला सलाम केला, मी मान हलवली.

संचालकांना मागे गडद निळा हवा होता, झगझगीत. मुश्ताकभाईंनी वर्गात डोकावून मुलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, निळा नका घेऊ. लेकरं वर्षभर खोलीत बसून पिवळी पडलीत. निळ्यापुढं आजारी दिसतील. त्यांच्या आईबापांनी फलक बघितला तर घाबरतील. मातीचा रंग घेऊ, काव लावून करतो मी. तोंडावर तजेला येतो." संचालकांना ते पटत होतं, मला दिसत होतं. मग त्यांनी नाव विचारलं आणि ते ऐकून म्हणाले, "भूकंपात ते बागेचं झालं, ते तुम्हीच का?"

"हाव, मीच."

संचालक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही होता ना त्या समितीत?"

तेव्हा मला सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो, माझं उपप्राचार्यपद होऊन गेलं होतं, माझ्याकडून कुणी काही काढून घेणार नव्हतं. मी म्हणाले, "फार वर्षं झाली त्याला." आणि पुढचा पेपर ओढला. मुश्ताकभाई "बरं येतो" म्हणून गेले. फलक निळा झाला. मी रोज त्याच्याखालून जात होते आणि मुलं खरंच आजारी दिसत होती.

पुढच्या वर्षी ते नांदेडला गेले. तिथे साड्यांच्या दुकानांचे, नवरीच्या कपड्यांचे फोटो काढून त्यांनी पुन्हा जम बसवला. लातूरची गोष्ट तिथे कुणाला माहीत नव्हती. मी त्यांना अखेरचं भेटले ते तिथेच, तीन वर्षांपूर्वी, एका लग्नाला गेले होते तेव्हा. मुद्दाम पत्ता काढून गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. ते थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कापड बोटांत धरून सांगत होते की हे धुतल्यावर ढिलं पडेल, हे नको. आता सगळे हिरवं फडकं लावतात आणि मागचं नंतर संगणकावर भरतात, असं हसून म्हणाले. चहा झाला. मी माझ्या गुडघ्यांबद्दल बोलले, तुमच्याबद्दल बोलले, मेधाच्या घराबद्दल. त्यांनी मेधाची खुशाली दोनदा विचारली. मी उठले तेव्हा म्हणाले, "मॅडम, बसा की. तुमचा एक फोटो काढू, खूप वर्षं झाली." मी म्हटलं, गाडी चुकेल. गाडीला दोन तास होते. त्यांच्यापुढे बसून त्यांना माझ्या तोंडाकडे नीट बघू द्यायची माझी छाती झाली नाही.

अलीकडेच एका सकाळी त्यांची मुलगी नसरीन हिनं फोन केला. "अब्बा गेले, मॅडम. त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता." पंधरा दिवसांनी मी बसनं नांदेडला गेले. अहमदपूरपर्यंत मी वाक्यं जुळवत होते, पुढे सोडून दिलं. स्टुडिओ आता नसरीन बघते. चाळिशी ओलांडलेली बाई, बापासारखंच अर्धे डोळे मिटून बघते. ती एका गिऱ्हाइकाचे पडदे घड्या करून ठेवत होती. मी बसले आणि सांगितलं. परवानगी मी दिली होती, नंबर मी लावले होते, आणि बैठकीत मी नाही म्हणाले.

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "मी बारा वर्षांची होते. शाळेत मला मुडदेवाल्याची पोरगी म्हणायचे."

तिनं पुढचा पडदा घडीला घेतला.

"अम्मी त्यांना लई बोलायची. मरेपर्यंत बोलली. कुणी सांगितलं होतं तो पडदा न्यायला, कशाला नेला, आपलं घर बसवलंत म्हणून. ते म्हणायचे, मला वाटलं, मी नेला." तिनं हातातलं कापड खाली ठेवलं. "अम्मीला तरी सांगायचं होतं तुम्ही. ती नवऱ्यावर रागावून गेली ना, मॅडम."

त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाहेर माझं नाव घेतलं नाही हे मला ठाऊक होतं, त्यात मी त्यांचा भिडस्तपणा पाहत आले होते. पण घरातही, रोजची बोलणी खाऊनही... हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. मी आजवर माझ्याच अपराधाचा हिशोब करत होते, आणि त्यात त्या बाई कुठेच नव्हत्या. मी त्यांना दोन-तीनदा पाहिलं असेन. त्यांचं नाव मला नसरीनला विचारावं लागलं. जैबुन्निसा.

मी माफी मागितली. नसरीन म्हणाली, "मला माफ करायचं काय हाय त्यात? ज्यांनी करायचं ते गेले." ते तिनं चिडून म्हटलं नाही. मग चहा ठेवायला उठली आणि आतून म्हणाली, "तुम्ही टीचर आहात ना, लिहिता-बिहिता. ते पेपरात आलं होतं. हे बी पेपरातच येऊ द्या. अब्बाचं नाव घालून." मी हो म्हटलं. म्हणून तुमच्या नावचं हे पत्र आधी पेपराच्या या पुरवणीत येतं आहे आणि तुमच्याकडे मागाहून पोचेल.

लातुरात परत आल्यावर मी त्या वेळच्या समितीतल्या दोघींना फोन केले. एकीला काही आठवत नव्हतं. दुसरी म्हणाली, आता कशाला उकरतेस, कुणाच्या लक्षात आहे? तिचं खरं असेल. ज्यांनी त्यांना नावं ठेवली ते विसरून गेले आहेत, आणि ज्यांनी ती सोसली त्यांच्यातली आता एकटी नसरीन उरली आहे. तरी सगळ्यांसाठी लिहिते. त्या गावात बागेचा पडदा माझ्या परवानगीनं आला होता. मुश्ताकभाईंनी तिथे कुणाकडून काहीही घेतलं नाही. त्या एकोणीस बायकांना जे हवं होतं ते त्यांना त्या दिवशी दुसऱ्या कुणीही दिलं नव्हतं, माझ्या याद्यांनी तर नाहीच.

इरा, तुला कापडाचं शिकायचं असेल तर सुट्टीत नांदेडला जा. नसरीन शिकवेल असं म्हणाली आहे. माझी नात म्हणून शिकवेल की माझी नात असूनही, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

नांदेडचा स्टुडिओ चालू आहे. नसरीन पडद्याचं कापड अजून घरीच रंगवते. मी निघाले तेव्हा गच्चीवरच्या तारेवर एक तागा पिळून वाळत टाकलेला होता. त्या दिवसाच्या एकोणीसही निगेटिव्ह तिच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात आहेत. प्रत्येकीचं वेगळं पाकीट आहे आणि प्रत्येक पाकिटावर मुश्ताकभाईंच्या अक्षरात तिचं नाव आहे.